जमतंय की, पण कसं?

आबा मान जराशी उजवीकडं वळवायचे, डावी भुवई टोपीला टेकेल इतकी वर न्यायचे, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवायचे आणि विचारायचे, "कसं?"

एवढंच. एक शब्द, त्यापुढं काही नाही. पण त्या एका शब्दानं पणदऱ्यापासून इंदापूरपर्यंत किती फौजींना घाम फुटला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सीमेवर ज्यांना फुटला नव्हता त्यांना आबांसमोर फुटला.

आमचं केंद्र बारामतीत, एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. एका ट्रस्टनं माजी सैनिकांसाठी चालवलेलं. दोन खोल्या, तीन टेबलं आणि एक कूलर. कूलर उन्हाळ्यात बंद पडायचा आणि थंडीत आपोआप सुरू व्हायचा. काम असं की फौजेतनं जखमी होऊन नाहीतर दुखणं घेऊन परत आलेल्या माणसाच्या घरी जायचं, अर्धा दिवस बसायचं, त्याला दिवसभरात काय करता येतं, काय येत नाही आणि कोणतं काम झेपेल ते बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. तो रिपोर्ट घेऊन माणूस पुढं मेडिकल बोर्डाकडं जायचा, कुणी नोकरी मागायला जायचा. बघायचं काम आबांचं. टाइप करायचं आणि मोटरसायकल चालवायचं माझं.

आबा स्वतः फौजेतलेच. लष्करी दवाखान्यात नर्सिंगचं काम करून रिटायर झालेले. आता आमच्याकडं फौजेतनं आलेला माणूस कुठल्याही हुद्द्याचा असो, गावाला तो 'मेजर'च. त्या हिशोबानं आमच्या केंद्रात रोज सकाळी चार-पाच मेजर बसलेले असायचे आणि जवान एकही नसायचा. मी आबांना आबाच म्हणायचो. ते मला 'रेडिओ' म्हणायचे. मला वाटायचं, माझ्या आवाजामुळं.

कारण माझा दुसरा उद्योग नकला. शाळेत हेडमास्तरांची केली तर छड्या मिळाल्या, कॉलेजात प्राचार्यांची केली तर गॅदरिंगला पहिला नंबर मिळाला. तेव्हापासून मी शाळेपेक्षा कॉलेज चांगलं म्हणतो. आणि एक सांगतो, लोकांना वाटतं नक्कल म्हणजे आवाज. तसं नसतं. आधी अंग बघावं लागतं. माणूस बसतो कसा, वजन कुठल्या पायावर टाकतो, कंटाळला की हात कुठं जातात. आवाज शेवटी येतो, तोही फुकटात.

आबांची नक्कल मी पहिल्या आठवड्यातच उचलली. मान, भुवई, पंजे, "कसं?" चहाच्या टपरीवर तर लोक मला चहा पाजून ती करायला लावायचे.

आमच्या फॉर्मवर बावीस प्रश्न. शर्टाची बटणं लावता येतात का, जिना चढता येतो का, बाजारात एकटं जाता येतं का, असे. प्रत्येकापुढं तीन चौकटी : जमतं, मदतीनं जमतं, जमत नाही. आणि सगळी गोची त्या पहिल्या चौकटीत. आपल्याकडच्या कुठल्याही फौजीला "जमतं का?" विचारा, उत्तर ठरलेलं. "जमतंय की." पाय गुडघ्यातनं गेलेल्याला जिना विचारा. "जमतंय की." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्याला सुईत दोरा ओवायचं विचारा. "जमतंय की." वर आपल्याकडंच असं बघणार की ह्यानं असला अपमानाचा प्रश्न विचारलाच कसा.

पणदऱ्याच्या तात्यांकडं गेलो ती माझी पहिली खेप. तात्या म्हणजे पन्नाशीचे, अंगानं दणकट. उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट शिल्लक, बाकीची फौजेत गेलेली. आबा म्हणाले, "रेडिओ, तू सुरू कर, मी हातपाय धुऊन येतो."

मी सुरू केलं.

"तात्या, बटणं लावता येत्यात?"

"जमतंय की."

"गाईची धार काढता येती?"

"जमतंय की."

"बाजाराला एकटं जाता?"

"आरं, काश्मीरला एकटा गेलतो मी. पणदऱ्याच्या बाजाराला काय हुतंय?"

सात मिनिटांत बावीस प्रश्न संपवले. बावीस बरोबरच्या खुणा, सगळ्या पहिल्या चौकटीत. माझ्या स्वतःच्या परीक्षेत कधी आल्या नव्हत्या इतक्या.

आबा आत आले, फॉर्मवर नजर टाकली. खुर्ची उचलून तात्यांच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली आणि बसले.

"तात्या, बटणं लावता?"

"जमतंय की, मेजर."

मान वळली. भुवई वर गेली. पंजे गुडघ्यांवर. "कसं?"

"कसं म्हंजे? लावतो."

"कसं?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"म्हंजे... लावल्यालीच असत्यात," तात्या पुटपुटले.

"कसं?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं तात्यांची बायको, काकी, पुढं आल्या आणि आबांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी सांगते. धुऊन वाळली की मीच लावून ठिवते सगळ्या शर्टांची बटणं. हे डोक्यातनं घालत्यात, बनियनसारखं. गळ्याजवळची दोन मोकळी ठिवावी लागत्यात, न्हायतर मुंडकं अडकतं. परवा अडकलं हुतं. बिनमुंडक्याचं घरभर फिरत हुते."

"ते सांगायची काय गरज हाय का?" तात्या म्हणाले.

"गरज हाय," आबा म्हणाले. "घालून दाखवा."

मग तात्यांनी शर्ट काढला, घातला. आबा एकटक बघत होते, ओठांकडं, हातांकडं, परत ओठांकडं. मग "धार कसं?" म्हणून सगळा लवाजमा गोठ्यात. तात्या गाईखाली बसले. गाईनं मान वळवून त्यांच्याकडं असं बघितलं, जसं आपण चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलेल्या माणसाकडं बघतो. तेव्हा काकींनी सांगितलं की धार त्या काढतात, आणि तात्या गाईच्या तोंडापाशी उभं राहून तिच्याशी गप्पा मारतात. ती पण मदतच की.

बावीसमधल्या अकरा खुणा खोडल्या. तात्यांचा चेहरा उतरत चालला होता. फौजीला 'जमत नाही' हे स्वतःच्या अंगणात ऐकणं लई जड जातं. आणि नेमका तेव्हाच रस्त्यावरनं उसाची ट्रॉली लावलेला एक ट्रॅक्टर मागं घेत-घेत गोठ्याच्या कुडाकडं यायला लागला. ड्रायव्हरच्या कानाशी गाणी लागलेली. तात्या उठले आणि नुसतं ओरडले, "थांब."

ट्रॅक्टर थांबला. गाय थांबली. रस्त्यावरनं सायकलवर जाणारा एक माणूस खाली उतरून उभा राहिला. मी हातातला फॉर्म छातीशी धरून सावधानमध्ये.

आबांचा चेहरा असा उजळला म्हणता. "रेडिओ, दुसरं पान घे," ते म्हणाले.

दुसरं पान म्हणजे आबांचं लाडकं पान. पहिल्या पानावर काय जमत नाही, दुसऱ्यावर काय काम करता येईल. बाकीची माणसं दुसऱ्या पानावर 'हलके काम' असे दोन शब्द लिहून मोकळी व्हायची. आबा त्या पानावर जीव टाकायचे. त्यांनी मला लिहायला सांगितलं, "गर्दीला वळण लावायचं काम. हुकमाचा आवाज उत्तम. मला स्वच्छ ऐकू आला."

शेवटचं वाक्य मला जरा विचित्र वाटलं, पण मी टाइप केलं. मी पगारी माणूस.

पुढच्या हंगामात तात्या भवानीनगरच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लावायच्या कामावर लागले. ह्या कामाला बोटं लागत नाहीत, गळा लागतो. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. दोनशे पावलांवरनं तात्यांनी "ए लाल ट्रॅक्टर" म्हटलं की चार लाल ट्रॅक्टर थांबायचे.

आबांच्या बाबतीत एकच तक्रार होती माझी. मोटरसायकलवर मागं बसले की त्यांच्याशी बोलण्यात मजा नव्हती. मी आपला सगळा रस्ता बोलायचो. निवडणूक, हवामान, माझी न जमलेली दोन प्रेमप्रकरणं, सगळं. आणि मागनं एकच उत्तर यायचं, "बरोबर हाय."

"आबा, ती म्हणाली तू जोकर हायस."

"बरोबर हाय."

एकदा इंदापूरकडनं येताना मी म्हणालो, "आबा, पेट्रोल संपत आलंय, पंपावर घ्यू का?" मागनं म्हणाले, "बरोबर हाय." मला वाटलं, 'पुरेल एवढं बरोबर हाय' असं म्हणतायत. अनुभवी माणूस. गाडी भवानीनगरच्या अलीकडं बंद पडली. दोघांनी ढकलली. मी म्हणालो, "आबा, तुमीच म्हणाला." आबा म्हणाले, "कसं?" मी परत गाडी ढकलायला लागलो. मला वाटलं, मलाच तपासतायत.

ह्या कामावर त्यांचा जीव होता. पेन्शन होती, सुप्याला घर होतं, थोडं डाळिंब होतं. तरी सोमवार उजाडला की कडक इस्त्रीची पँट घालून पहिल्या एस.टी.नं हजर. कुणी म्हणालं, आबा आता बसा की घरी, तर म्हणायचे, "घरी बसलो तर मीबी फॉर्मवरचा माणूस व्हईन."

मग केंद्र सांभाळायला नवीन मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही आत्तापासून त्यांच्यावर दात खाल. त्यांनी रजिस्टर बघितलं, घरभेटीसाठी थांबलेल्या लोकांची रांग बघितली आणि म्हणाल्या, "घरोघर फिरण्यात दिवस जातो. प्रश्न तेच बावीस आहेत, फोनवर विचारू. दिवसात आठ-दहा होतील." हिशोब चुकीचा नव्हता. इंदापूरच्या पलीकडचे म्हातारे फौजी आमची वाट बघून दमले होते.

पहिला फोन आबांनी करायचा ठरलं. स्पीकर चालू केला. मॅडम शेजारी बसल्या. पलीकडं एक बुजुर्ग सुभेदार.

"चालता येतं का?" आबांनी विचारलं.

"काठी घेऊन येतं."

"कसं?"

"काठी घेऊन."

आबांनी फोन डाव्या कानाला लावला, परत टेबलावर ठेवला. "कसं?"

"अवो, काठी. काठी घेऊन चालतो."

"कसं?"

"या हितं, तुमच्या डोक्यात घालून दावतो काठी," सुभेदार म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. अजून दोन फोन लावले, दोन्ही तसेच. संध्याकाळी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, खूप केलंत तुम्ही. आता वय झालंय. महिनाअखेरीला विश्वस्तांची बैठक आहे, तेव्हा ठरवू. बहुतेक तुम्हाला मोकळं करू." आबा उठून उभे राहिले. "यस मॅडम," म्हणाले आणि पिशवी घेऊन स्टँडकडं गेले. इस्त्रीची पँट तशीच कडक, पण आतला माणूस चुरगळलेला.

मला कळेना. जो माणूस समोर बसला की दगडाला बोलतं करतो, तो फोनवर असा कसा फसला?

ते कळलं टपरीवर. मित्र म्हणाले, फोनची नक्कल कर. मी केली. मान वळवली, भुवई वर नेली, "कसं?" आणि नक्कल बसेना. माझा एक मित्र उजव्या हाताला बसला होता, त्याच्याकडं बघून करत होतो, तर मान उलटी जायला लागली. तोच मित्र उठून डावीकडं आला, आणि नक्कल चपखल बसली. परत उजवीकडं बसवला, परत फसली. म्हणजे ती मान वळते ती डावा कान माणसाकडं करायला.

"काय लावलंय? आमी काय संगीत खुर्ची खेळतोय का?" मित्र म्हणाला.

मला हसू येईना. एकेक आठवायला लागलं. तात्यांकडं खुर्ची पलीकडं नेली ती. रस्त्यानं चालताना कायम माझ्या उजव्या बाजूला चालायचे ते, म्हणजे मी त्यांच्या डावीकडं येईन. ओठांकडं बघायचं ते. "बरोबर हाय." आणि "मला स्वच्छ ऐकू आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चहा पीत होते. मी त्यांच्या उजव्या खांद्यामागं उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, जिलबी आणलीय." आबा चहा पीत राहिले. "आबा, तुमच्या टोपीवर पाल हाय." आबांनी बशीत चहा ओतला. मग मी डावीकडं जाऊन समोर बसलो.

"आबा, तुमाला ऐकू येतं का?"

"जमतंय की," ते म्हणाले.

मी मान उजवीकडं वळवली, भुवई वर नेली, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "कसं?"

आधी ते हसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय आबा मी पहिल्यांदाच बघत होतो. एकदम कुणाच्या तरी घरातला माणूस वाटले.

"गाडीजवळ स्फोट झाला हुता," ते म्हणाले. "उजवा कान तवाच गेला. डावा निम्मा ऱ्हायला, त्यातलाबी आता निम्मा. सुटताना डॉक्टर सायबानं कायतरी विचारलं. काय विचारलं ते ऐकू न्हाय आलं. पर सायेब विचारतोय म्हटल्यावर मी म्हणालो, यस सर. आता वाटतं, त्यानं विचारलं आसंल, ऐकू येतं का?"

"आणि हे 'कसं' ?"

"ते काय हाय, पहिल्यांदा ऐकूच येत न्हाय रं. म्हणून मी विचारतो, कसं? म्हंजे, काय म्हणालात? आणि ती माणसं खरं बोलाय लागत्यात. मग म्हटलं, चालू दे."

मी इतका हसलो की चहावाल्यानं वळून बघितलं. आबाही हसले. पण हसताना टोपी दोन्ही हातांत गच्च धरली होती. "मॅडमला सांगू नको," ते म्हणाले. "बहिरा म्हटल्यावर काढूनच टाकतील."

"तशीबी काढत्यातच की," मी म्हणालो. "त्यापरीस फॉर्म भरू."

रविवारी मी कोरा फॉर्म घेऊन सुप्याला त्यांच्या घरी गेलो. दारात पाऊल टाकतोय तोच माझ्या कानाजवळनं भुईमुगाची एक शेंग सूं करत गेली आणि ओट्यावर पेपर वाचणाऱ्या आबांच्या पाठीत बसली. आबांनी न बघता विचारलं, "आलो, काय गं?"

आबांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, मांडीवर शेंगांची परडी होती. "हाका मारून माजा घसा गेला," त्या म्हणाल्या, "तवापासनं शेंग मारते. एक मारली म्हंजे चहा, दोन मारल्या म्हंजे पाव्हणं आल्यात. तुझ्यासाठी दुसरी मारणार हुते, तवर तू मधी आला."

"आणि तीन?"

"तीन मारल्या म्हंजे मी चिडलीया. हे त्या सोलून खात्यात."

अर्धा दिवस बसलो, आबांनी शिकवलं तसं. कुकरच्या शिट्ट्या आबा डोळ्यांनी मोजतात, शिटी हलताना बघून. फोन शर्टाच्या खिशात, थरथर छातीला लागते. एस.टी.त कंडक्टरच्या समोरच्या सीटवर बसतात, म्हणजे तो कुणाला काय सांगतो ते चेहऱ्यावरनं कळतं. एकेक प्रश्नाला आबा म्हणायचे "जमतंय की," मी म्हणायचो "कसं?" आणि ते वैतागून काकूंकडं बघायचे. निघताना मला म्हणाले, "लई वाईट सवय हाय ही. लोक मला मारत कसं न्हाईत?"

महिनाअखेरीला बैठक. मॅडम, तीन विश्वस्त आणि टेबलाच्या टोकाला आबा, उजवा कान सगळ्यांकडं करून बसलेले. जागाच तेवढी शिल्लक होती. मी रिपोर्ट ठेवला. मॅडमनी पहिलं पान वाचलं.

"हा कुणाचा रिपोर्ट आहे?"

"आबांचा."

"आबांनी लिहिलेला?"

"आबांवर लिहिलेला."

मी म्हणालो, "दुसरं पान वाचायच्या आधी जरा करून दाखवू का?" एक विश्वस्त माझ्या कॉलेजचे होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

आधी मी माझीच नक्कल केली. चांगल्या दोन कानांचा मी, पणदऱ्याला तात्यांच्या घरात. बटणं? जमतंय की. खूण. धार? जमतंय की. खूण. सात मिनिटांचं काम पाऊण मिनिटात उरकलं. मग आबा झालो. खुर्ची उचलून पलीकडं नेली, मान, भुवई, पंजे. "कसं?" मग तात्या झालो आणि अंगातला शर्ट बटणांसकट डोक्यातनं काढला. मुंडकं खरंच अडकलं. आतनं सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं. शेवटी आबांनीच उठून मला सोडवलं.

शर्टातनं बाहेर आलो तेव्हा हसणं थांबलं होतं. मॅडम दुसरं पान वाचत होत्या. तिथं मी चारच ओळी लिहिल्या होत्या. घरी जाऊन माणूस बघायचं काम उत्तम करतात. फोनचं काम देऊ नये. उजव्या बाजूनं बोलू नये. ऐकू कमी येतं, म्हणून हात आणि चेहरा बघतात.

आबांना ह्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मला खुणेनं विचारलं, "मी भुवई येवढी वर करतो व्हय?"

मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घातला, रिकामी खुर्ची ओढत नेली आणि आबांच्या डाव्या बाजूला, अगदी समोर चेहरा येईल अशा बसल्या. तेव्हाच मला निकाल कळला.

घरभेटी आबांकडं राहिल्या. फोन माझ्याकडं आले, आणि मला फोनवर शंका आली की तो माणूस आबांच्या यादीत जायचा. सुभेदारांकडं आबा पहिल्यांदा गेले. काठी खरंच होती. डोक्यात घातली नाही, चहा दिला.

तीन महिन्यांनी आबांना कानाचं मशीन मिळालं. पहिल्या दिवशी मोटरसायकलवर मागं बसले, मी सवयीनं बोलायला लागलो. पणदऱ्याच्या अलीकडं त्यांनी खांद्यावर थाप मारून गाडी थांबवली.

"रेडिओ, तू येवढं बोलतोस?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"आणि मी काय म्हणायचो?"

"बरोबर हाय."

आबांनी रस्त्याकडेच्या उसाकडं बघितलं. "मला वाटायचं, तू तोंडातल्या तोंडात गाणी म्हणतोस," ते म्हणाले. "आरशात तुझं तोंड सारखं हलायचं. म्हणून रेडिओ म्हणायचो."

पण एक गोष्ट मी पाहिली, ती सांगायलाच पाहिजे. कुणाच्याही दारात पोहोचलो की उंबऱ्याबाहेर आबा चपला काढायचे, आणि चपलांबरोबर कानातलं मशीनही काढून खिशात टाकायचे. मी विचारलं, असं का? म्हणाले, "आत लई शब्द ऐकू येत्यात. त्यात माणूस दिसत न्हाय."

आता दोन वर्षं झाली, आबा येत नाहीत. काढलं कुणी नाही, स्वतःच थांबले. काकूंचे गुडघे गेले, घरात माणूस पाहिजे झाला. शेवटच्या दिवशी मॅडमनी हार घातला, तात्यांनी भवानीनगरहून येऊन एकच घोषणा दिली, ती स्टँडवर ऐकू गेली असं म्हणतात. आबा ती मशीनशिवाय ऐकून खूश झाले.

हल्ली घरभेटींना मी जातो. मान वळवतो, भुवई वर नेतो, विचारतो, "कसं?" टपरीवर आता ती नक्कल होत नाही माझ्याच्यानं. कामाची वस्तू खेळायला काढावीशी वाटत नाही. पण माझे दोन्ही कान चांगले, तीच अडचण. माणूस "जमतंय की" म्हणाला की मला ते ऐकू येतं, आणि खरंच वाटतं.

परवा एका घरातनं बाहेर पडलो. फॉर्म पूर्ण होता, पण माझा माझ्यावर भरवसा बसेना. अंगणातच उभा राहून सुप्याला फोन लावला. पलीकडं आधी काकूंचा आवाज आला, मग शेंग कुठंतरी आपटल्याचा, मग आबा.

मी म्हणालो, "आबा, मला एकट्याला जमत न्हाय हे."

मग तोच आवाज, सावकाश.

"कसं?"

मशीन कानात होतं का खिशात, देव जाणे. मी पायरीवर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो.